पुढच्या आठवड्यात बघू

शिकागोतली एक तरुण शिक्षिका १५ एप्रिल १९६४ रोजी फोर्डच्या गाड्यांच्या दुकानात शिरली. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, नोकरी नवी, आणि गाडी हवी ती उघड्या टपाचीच. समोर मांडलेल्या गाड्यांत तशी एकही नव्हती. विक्रेता तिला मागच्या खोलीत घेऊन गेला आणि एका गाडीवरची ताडपत्री त्याने ओढली. आकाशी रंगाची मस्टँग. खरं तर ही गाडी अजून कुणाला दाखवायचीसुद्धा नव्हती; न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात १७ तारखेला तिचं अनावरण व्हायचं होतं. बाईंनी ३,४४७ डॉलर ५० सेंटला ती घेतली, पैसे आईवडिलांकडून उसने घेऊन. अमेरिकेत मस्टँग विकत घेणारी पहिली व्यक्ती म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं.

पुढची हकिगत मला जास्त आवडते. बाईंचं लग्न झालं, चार मुलं झाली, पंधराएक वर्षं गाडी पळाली आणि सत्तरचं दशक संपता संपता एक दिवस चालेनाशी झाली. नवऱ्याने ती घराच्या गॅरेजमध्ये ढकलली आणि पुढच्या आठवड्यात बघतो म्हणाला. तो आठवडा सत्तावीस वर्षं चालला. नवरोबा निवृत्त झाले, तेव्हा कुठे बॉनेट उघडलं गेलं. गाडी पुन्हा उभी राहिली आणि पुढे फोर्डच्या कार्यक्रमांतून मिरवलीही.

जुनी गाडी जपणाऱ्यांच्या गोष्टी आपण फार गहिवरून सांगतो. माणसाने पोटच्या पोरासारखी सांभाळली, रोज पुसली, जिवापाड प्रेम केलं, वगैरे. असे लोक असतात, नाही असं नाही. पण पन्नास-साठ वर्षं एकाच घरात राहिलेल्या गाड्यांची चौकशी केली तर बऱ्याचदा प्रेमाच्या आधी आळस सापडतो. दुरुस्तीला पैसे नव्हते, वेळ नव्हता, विकायला काढायचा कंटाळा होता, आणि मुख्य म्हणजे डोक्यावर छप्पर होतं. अमेरिकन उपनगरातल्या घराला गॅरेज असतं आणि त्या गॅरेजमध्ये अडगळ राहू शकते. मस्टँग तिथे अडगळ म्हणून राहिली आणि वाचली.

मस्टँगचं नाव निघालं की मसल कारचा विषय येतोच, तेव्हा मसल कार म्हणजे काय, हे दोन ओळींत सांगतो. मध्यम आकाराची, साध्या कुटुंबाला परवडेल अशी गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात भल्यामोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन कोंबायचं. १९६४ची पाँटिअ‍ॅक जीटीओ हिला अशा गाड्यांचा मूळपुरुष मानतात. ती बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा तेव्हा नियमच होता, या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. तिथला इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन जादा पैसे भरून घ्यायच्या सामानाच्या यादीत घातलं. नव्या मॉडेलला वरिष्ठांची मंजुरी लागे, जादा सामानाला लागत नसे. पळवाट कशी काढावी हे इंजिनिअरांकडून शिकावं. काटेकोर मंडळी मस्टँगला मसल कार म्हणू देत नाहीत, तिच्यासाठी त्यांनी ‘पोनी कार’ असा वेगळा गट केला आहे. मोठं इंजिन घातलेल्या मस्टँगबद्दल मात्र तीही फार वाद घालत नाहीत.

अशीच एक मस्टँग म्हणजे १९६८च्या ‘बुलिट’ चित्रपटातली गडद हिरवी, ३९० घनइंचांची जीटी. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून काळ्या डॉज चार्जरमागे ती सुटते आणि जवळजवळ अकरा मिनिटं आपण खुर्चीच्या कडेवर बसतो. या पाठलागाचा मोठा वाटा असलेल्या संकलनासाठी फ्रँक केलरला ऑस्कर मिळालं. चित्रीकरणाला दोन मस्टँग होत्या. एक उड्या मारून मारून खिळखिळी झाली. ती भंगारात गेली असंच सगळे धरून चालले होते, पण २०१७च्या सुमारास मेक्सिकोत सापडली. दुसरी, जी चित्रपटाचा नायक स्टीव्ह मॅक्वीनने स्वतः चालवली होती, ती दोन हात बदलून १९७४ मध्ये न्यू जर्सीच्या रॉबर्ट कीर्नन यांच्याकडे आली. मासिकातली जाहिरात वाचून त्यांनी ती घेतली, सुमारे सहा हजार डॉलरला.

एवढी प्रसिद्ध गाडी इतकी स्वस्त कशी, तर काळच तसा होता. १९७०च्या कायद्याने धुरावर निर्बंध आले, विमा कंपन्यांनी तरुण चालकांच्या दांडग्या गाड्यांचे हप्ते चढवले, आणि १९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखल्यावर पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. गॅलनला दहा-बारा मैल देणारी गाडी कुणाला हवी होती? हजारोंनी विकल्या, हजारोंनी तोडल्या. म्हणून तर उरलेल्यांना आज मोल आहे.

कीर्नन यांच्या घरी या गाडीचं काय झालं असेल? त्यांची पत्नी शिक्षिका होती आणि ती या मस्टँगने शाळेत जायची. बस्स. पडद्यावर गुन्हेगारांचा पाठलाग करणारी गाडी तिसरीच्या वर्गाच्या वह्या घेऊन जात होती. १९७७च्या डिसेंबरात स्वतः मॅक्वीनचं पत्र आलं. गाडी परत हवी आहे, बदल्यात दुसरी मस्टँग शोधून देतो, फार पैसे मागणार असाल तर मात्र राहू दे, असा त्याचा मतलब. कीर्ननने गाडी दिली नाही. १९८० मध्ये क्लच गेला आणि गाडी उभी राहिली. त्याच वर्षी मॅक्वीनही गेला. मग कुटुंबाने घरं बदलली, गावं बदलली, गाडी प्रत्येक वेळी बरोबर गेली, पण क्लच काही बदलला गेला नाही. बापलेकांनी मध्ये एकदा काम हाती घेतलं, तेही राहून गेलं. २०१४ मध्ये वडील वारले. मुलाने गाडी चालती केली आणि २०१८च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या वाहनमेळ्यात ती लोकांसमोर आली.

रंग उडालेला, पत्र्याला पोचे, गंजाचे डाग. मुलाने डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं नाही, आणि हा या सगळ्या कथेतला सर्वांत शहाणा निर्णय होता असं माझं मत आहे. कॅमेरा बसवायला चित्रीकरणाच्या वेळी गाडीला खाली जी जोडणी केली होती, तिच्या खुणा तशाच होत्या. चेसिसवरचा क्रमांक होता, कागदपत्रं होती, मॅक्वीनचं पत्र होतं. एखाद्या हौशी मालकाने मधल्या काळात गाडी चकाचक करून घेतली असती तर ही सगळी साक्ष पुसली गेली असती. २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात ती शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली.

आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण तेव्हापासून जुन्या गाडीकडे मुदत ठेव म्हणून बघणारे वाढले आहेत, त्याचं मला वाईट वाटतं. कीर्ननना १९७७ मध्ये ही रक्कम स्वप्नातही दिसली नसणार. त्यांनी नाही म्हटलं कारण गाडी त्यांची होती. याउलट कॅनडातला वैमानिक स्टॅन्ली टकर बघा. अनुक्रमांक एकची मस्टँग चुकून त्याला विकली गेली होती. दोन वर्षांनी फोर्डने ती परत मागितली आणि बदल्यात दहा लाखावी मस्टँग देऊ केली. त्याने दिली. ती पहिली मस्टँग आज डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे, सुखरूप आहे. नवी कोरी गाडी फुकट मिळत असेल तर मीही दिली असती, खोटं कशाला बोलू.

उभी गाडी आपोआप टिकते असा मात्र समज नको. टाकीतलं पेट्रोल वर्षभरात चिकट होऊन कार्ब्युरेटरची भोकं बुजवतं, ब्रेक ऑइल ओल शोषतं, पिस्टनच्या रिंगा जाम होतात, रबर कडक होऊन तडकतं आणि वायरिंग उंदीर खातात. अमेरिकेत निदान सुटे भाग मिळतात. साठच्या दशकातल्या मस्टँगचा अख्खा सांगाडा आज नवा विकत मिळतो.

आपल्याकडे ‘भारतीय मसल कार’ म्हणून काँटेसाचं नाव घेतात. लांब नाक, रुंद बसकण, रुबाब सगळा आहे. फक्त १९८४ मध्ये ती आली तेव्हा आत अ‍ॅम्बॅसिडरचंच दीड लिटरचं, पन्नासेक अश्वशक्तीचं इंजिन होतं. इसुझूचं इंजिन आल्यावर तिच्यात जरा जीव आला. माझ्या मामांनी कोल्हापुरात काँटेसा ठेवली आहे. ‘‘विकायची नाही का?’’ म्हटलं की ‘‘बघूया की’’ म्हणतात. मामांच्या बंगल्याला पोर्च आहे म्हणून हे बघूया चालतं. मुंबई-पुण्यात ज्याला सोसायटीत एकच पार्किंग मिळतं, त्याच्या आळसालाही भाडं पडतं. आपल्याकडच्या किती पद्मिनी आणि काँटेसा केवळ जागेपायी भंगारवाल्याकडे गेल्या असतील, विचार करा.

ज्यांच्या दारात अशी गाडी अजून आहे त्यांच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट. केंद्र सरकारच्या जुलै २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या खासगी दुचाकी-चारचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. रोज ऑफिसला नेता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. १९८४ची काँटेसा या हिशेबाने २०३४ नंतर पात्र ठरेल. भारतात आधी नोंदलेल्या गाडीच्या अर्जाला जुनं आरसी बुक जोडावं लागतं. तेव्हा कपाटाच्या तळाशी, आजोबांच्या फायलीत, जिथे असेल तिथून ते या रविवारी काढा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. गाडीचं पुढच्या आठवड्यात बघितलं तरी चालेल.