परतीच्या वाटेवरचे पेन्शन : कर इथे, वाढ मात्र कुठेच नाही

आपल्या समाजातील पहिल्या पिढीने ब्रिटनमध्ये कारखान्यात, बसवर, रुग्णालयात, टपाल खात्यात आयुष्य काढले. आता त्यातले अनेक जण सत्तरीत आहेत. कुणाला गावच्या घरी यायचे आहे, कुणी नागपूर-पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवला आहे. काकांचे फोन येतात, "तिकडचे पेन्शन इकडे आणले तर सरकार किती कापेल रे?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर चुकले की वर्षाला हजारो रुपयांचा फटका बसतो. या प्रश्नामागे एक मोठा अन्यायही दडलेला आहे. म्हणून हा विषय तरुणांनी समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

कर कोण घेणार?

भारत आणि ब्रिटन यांच्यात १९९३ चा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. त्याचे सूत्र सोपे आहे : ब्रिटनचे स्टेट पेन्शन आणि खासगी कंपनीचे पेन्शन यावर माणूस ज्या देशाचा रहिवासी असेल त्या देशाचाच कर. म्हणजे भारतात कायमचे राहायला आलेल्याकडून ब्रिटनने तो कर घ्यायचा नाही. पण ही सवलत आपोआप मिळत नाही. ब्रिटनच्या कर खात्याकडे अर्ज करावा लागतो आणि त्यासोबत भारतातल्या रहिवासाचा दाखला जोडावा लागतो. अर्ज केला नाही तर तिकडे कापणी चालूच राहते.

सरकारी नोकरीच्या पेन्शनचा नियम वेगळा आहे. ब्रिटिश सरकारची सेवा केली असेल तर त्या पेन्शनवर ब्रिटनच कर लावतो. मात्र ती व्यक्ती भारताची रहिवासी असून भारतीय नागरिकही असेल, तर तो हक्क भारताकडे येतो. म्हणजे एकाच खात्यात शेजारी बसून काम केलेल्या दोघांपैकी ज्याने ब्रिटिश पासपोर्ट घेतला त्याचा कर तिकडे आणि ज्याने भारतीय पासपोर्ट जपला त्याचा इकडे. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, हेही इथे लक्षात ठेवावे.

अमेरिकेचे गणित निराळे आहे. भारत-अमेरिका करारानुसार तिथल्या सोशल सिक्युरिटीवर कर लावण्याचा हक्क फक्त अमेरिकेला आहे. म्हणून न्यू जर्सीच्या मावशीचा अनुभव बर्मिंगहॅमच्या काकांना लागू पडत नाही.

पहिली दोन-तीन वर्षे

परत आलेल्या माणसाला आपला कायदा लगेच पूर्ण रहिवासी मानत नाही. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांपेक्षा जास्त राहिला नाही, तो 'रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नाही' या गटात येतो. सीए मंडळी याला आरएनओआर म्हणतात. तीस वर्षे बाहेर राहिलेल्याला हा दर्जा साधारण दोन वर्षे, काही वेळा तीन वर्षे मिळतो. या काळात परदेशात मिळालेल्या पेन्शनवर भारतात कर लागत नाही.

पण इथे एक खड्डा आहे. पेन्शन आधी ब्रिटनच्या बँकेत जमा झाले आणि तिथून आपण भारतात पाठवले, तर ते परदेशात मिळालेले उत्पन्न ठरते. तेच पेन्शन थेट भारतातल्या खात्यात जमा करून घेतले, तर ते 'भारतात मिळालेले' ठरते आणि आरएनओआर असूनही करपात्र होते. सोय म्हणून अनेक जण पहिल्याच महिन्यात तिकडचे खाते बंद करतात. घाई करू नये.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा २०२५ ने घेतली आहे. कलमांचे आकडे बदलले, 'कर वर्ष' हा शब्द आला, पण रहिवासाची ही मूळ चौकट कायम आहे.

एक हिशोब

२०२५-२६ मध्ये ब्रिटनच्या नव्या स्टेट पेन्शनचा पूर्ण दर आठवड्याला २३०.२५ पौंड होता, म्हणजे वर्षाला सुमारे ११,९७३ पौंड. तिथे १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. म्हणजे दुसरे काही उत्पन्न नसलेल्या ब्रिटनवासीयाचा कर शून्य.

आता तोच माणूस भारताचा पूर्ण रहिवासी झाला असे धरा. पौंडाला ११५ रुपये दर मानला तर त्याचे पेन्शन सुमारे १३ लाख ७७ हजार रुपये होते. नव्या कर प्रणालीत १२ लाखांपर्यंत रहिवाशाला कर भरावा लागत नाही, पण हा माणूस ती रेषा ओलांडतो. स्टँडर्ड डिडक्शन न धरता सेससह कर होतो सुमारे ९० हजार रुपये. दुहेरी कराचा करार इथे वाचवत नाही, कारण दोनदा कर लागलेलाच नाही. एकदाच लागला, पण जिथे दर जास्त पडतो तिथे.

हा कर अन्यायकारक आहे, असे आम्ही म्हणणार नाही. इथे राहायचे, इथले रस्ते-दवाखाने वापरायचे, तर इथे कर भरणे रास्त आहे. खरा अन्याय पुढे आहे.

गोठलेले पेन्शन

ब्रिटनमध्ये स्टेट पेन्शन दरवर्षी वाढते. पण पेन्शनर भारतात राहायला आला की वाढ थांबते. ज्या दराने तो आला, किंवा इथे असताना ज्या दराने पेन्शन सुरू झाले, त्याच दरावर ते गोठते. नवी योजना एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा पूर्ण दर १५५.६५ पौंड होता. त्या वर्षी परतलेल्याला आजही तेवढेच मिळते. २०२५-२६ च्या दराशी तुलना केली तर आठवड्याला ७४.६० पौंडांची तूट, म्हणजे वर्षाला जवळपास ३,८८० पौंड. रुपयात साडेचार लाखांच्या आसपास. वर ज्या ९० हजारांची चिंता आपण केली, त्याच्या पाचपट रक्कम एकही कागद न येता गेली!

पस्तीस वर्षांचे हप्ते दोघांनी सारखेच भरले. पण परतलेला अमेरिकेत, फिलिपिन्समध्ये किंवा जमैकात राहिला तर त्याला वाढ मिळते, कारण त्या देशांशी ब्रिटनचे तसे करार आहेत. भारताशी नाही. जगभरात साडेचार लाखांच्या आसपास पेन्शनर असे गोठलेल्या दरावर जगतात. कॅनडा, ऑस्ट्रेलियातले लोकही त्यात आहेत. युरोपीय मानवी हक्क न्यायालयात हा वाद गेला होता. २०१० मध्ये तिथल्या मोठ्या पीठाने पेन्शनरांच्या विरोधात निकाल दिला. म्हणजे न्यायालयाची वाट जवळपास बंद झाली, उरली ती राजकीय वाट.

जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्याच्या जोडीला सामाजिक सुरक्षेच्या हप्त्यांवरही सहमती झाली. तिचा फायदा काही काळासाठी बदलीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या कंपन्यांना होईल, त्यांना दोन्हीकडे हप्ते भरावे लागणार नाहीत. चांगलेच आहे. पण आयुष्यभर हप्ते भरून परतलेल्या कामगाराच्या पेन्शनवाढीचा प्रश्न त्यात सुटलेला नाही. कंपन्यांसाठी बोलणारे टेबलावर होते, म्हाताऱ्यांसाठी बोलणारे नव्हते.

आपण काय करायचे?

पहिले, घरातल्या परतणाऱ्या माणसाची तारीख लिहून ठेवा. कोणत्या वर्षी किती दिवस भारतात होते, हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून मांडा. सगळा दर्जा त्यावर ठरतो.

दुसरे, पूर्ण रहिवासी झाल्यावर परदेशातली बँक खाती आणि गुंतवणूक विवरणपत्रात दाखवावीच लागते, कर शून्य असला तरी. लपवल्यास काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली आहे, पण माहिती देण्याची जबाबदारी सुटलेली नाही.

तिसरे, ब्रिटन, अमेरिका, कॅनडातल्या निवृत्ती खात्यांवर दरवर्षी साचणाऱ्या उत्पन्नाऐवजी पैसे काढताना कर भरण्याचा पर्याय कायद्यात आहे. तो मुदतीत निवडावा लागतो आणि एकदा निवडला की पुढेही लागू राहतो. त्यासाठी जाणकार सीएचा सल्ला घ्याच.

आणि चौथे, आपल्या खासदाराला पत्र लिहा. ब्रिटनमधल्या नातेवाइकांनी त्यांच्या खासदाराला लिहावे. मागणी एकच : दोन देशांत पेन्शनवाढीचा करार व्हावा. कर घेण्याचा हक्क कुणाचा, हे दोन्ही सरकारांनी १९९३ मध्येच ठरवून टाकले. वाढ देण्याची जबाबदारी कुणाची, हे ठरवायला आणखी किती म्हाताऱ्यांनी वाट पाहायची?