श्वानाची पोटफुगी

फैजपूर-यावलकडील मळ्यांतून राखणीचें गांवठी कुत्रें मिळेल तें खाऊन राहतें. परंतु हौसेनें आणलेल्या आल्सेशियन किंवा ग्रेट डेनला त्याच नियमानें वागविल्यास प्रसंगीं प्राणावर बेततें.

पोट फुगण्यास संस्कृतांत आध्मान म्हणतात. श्वानाचें आध्मान मात्र साधें अजीर्ण नव्हे. जठरांत वायु कोंडतो आणि कित्येकदा जठर स्वतःभोंवतींच पीळ खातें. मग अन्न वरही येत नाहीं व खालींही उतरत नाहीं. रक्ताचा प्रवाह खुंटतो आणि कांहीं तासांतच मृत्यु ओढवतो.

हा धोका खोल व अरुंद छातीच्या थोराड जातींस विशेष. ग्रेट डेन त्यांत अग्रगण्य. आपल्या मुलखांतील कारवान कुत्र्याची छातीही खोलच असते. वाढतें वय व आईबापांस किंवा भावंडांस हा विकार झालेला असणें, हींही कारणें आहेत. त्यांवर आपला इलाज नाहीं. परंतु दिवसांतून एकदांच भरपेट घालणें व अधाशीपणानें खाऊं देणें हें आपल्याच हातचें आहे. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या ग्लिकमनप्रभृति संशोधकांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, उंचावर ठेवलेल्या भांड्यांतून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांतही हा विकार अधिक आढळल्याचें नमूद आहे.

आपल्या घरांत घास घालणारे हात अनेक. सणावारीं पंगत उठली कीं उरलेलें अन्न कुत्र्यापुढें लोटण्यांत प्रत्येकाला पुण्य वाटतें. एकूण किती घातलें ह्याचा हिशेब कोणापाशींच नसतो. म्हणून हें काम घरांतील एकाकडेच सोंपवावें. अन्न दोन-तीन वेळां विभागून, जमिनीवरील भांड्यांत द्यावें. जेवणानंतर तासभर मुलांनीं त्याला पळवूं नये, हेंही शहाणपणाचें.

कुत्रें वारंवार ओकाऱ्या काढूं लागलें, पण फेसाखेरीज कांहीं पडेना, पोट नगाऱ्यासारखें ताणलें व त्यास एका जागीं बसवेना, तर ओवा-हिंग उगाळीत बसूं नये. पिळलेल्या जठरांत औषध उतरणार कोठून? पशुवैद्य प्रथम वायु मोकळा करतात, नंतर शस्त्रक्रियेनें पीळ सोडवून जठर पोटाच्या भित्तीस टांक्यांनीं जखडतात, म्हणजे तें पुन्हां सहसा फिरत नाहीं. अशी शस्त्रक्रिया आपल्या आसपास कोठें होते ह्याची चौकशी आजच करून ठेवावी. अपरात्रीं तो शोध घेण्यास अवधि उरत नाहीं.