पत्र्याचे स्वार

उत्सवाच्या चित्ररथांत अलीकडे एक प्रथा रूढ होऊ पाहत आहे, ती आम्हांस मुळीच मान्य नाही. मराठ्यांच्या माळव्यातील स्वारीचा देखावा असला की आमचे स्वार नखशिखांत चंदेरी पत्र्याने मढविलेले, आणि शत्रू तेवढा हिरव्या पागोट्यावरून ओळखायचा! परक्या चित्रपटांची ही उसनवारी शौर्याच्या नावावर खपविली जाते.

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्यास काय घडले? धारच्या पश्चिमेस हे गाव. माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर व त्याचा भाऊबंद दया बहादूर यांनी तेथील घाट कडेकोट रोखला होता. मराठे त्याच वाटेने चढणार, अशी त्यांची खात्री. चिमाजी अप्पा नर्मदा ओलांडून मांडवगडच्या घाटाने वर आले. उदाजी पवार बरोबर होते. रोखलेला घाट तसाच राहिला आणि घाला थेट मोगलांवर पडला. सुभेदार व दया बहादूर दोघेही ठार झाले.

यास पळपुटेपणा म्हणणारे विद्वान पूर्वी होते, आजही आढळतात. लोखंडाच्या ओझ्याने घोडा लवकर दमतो, अवघड चढणीवर अडखळतो, हे ज्याने हेरले तो भित्रा कसा? आमच्या घरची मुले व्हिडिओ गेममध्ये चिलखती शत्रूच्या छातीवर वार फुकट दवडीत नाहीत; पाठीमागे जातात, सांधा शोधतात. (त्या खेळास आम्ही प्रथम नाके मुरडली होती, हे कबूल केले पाहिजे.) मुलांस जे कळते ते समित्यांस कळू नये?

चिलखत आमच्याकडे नव्हतेच असे नव्हे. १६५९ साली प्रतापगडाखाली शिवरायांनी ते अंगरख्याच्या आत घातले होते, मिरविण्यासाठी नव्हे.

आता ते हिरवे पागोटे. गिरिधर बहादूर नागर ब्राह्मण होता! लढाई माळव्याच्या चौथाईची आणि सत्तेची होती. देवळाच्या प्राकारातून निघणाऱ्या रथावर त्यास परधर्मी ठरविणे म्हणजे देवासमक्ष असत्य बोलणे होय, आणि तेही वर्गणीच्या पैशाने.

पवारांची पुढे धारेस गादी झाली, देवासास थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या; १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. त्या घराण्याचा देखावा करावयाचा तर समित्यांनी यंदा पत्रा आणू नये. एक सडा स्वार, हाती भाला, आणि मांडवगडची चढण एवढे पुरे.