तिसरी किल्ली

घरमालकाने भाडेकरूच्या घरात न विचारता शिरावं का? प्रश्न इतका सोपा आहे की उत्तर एका शब्दात यावं. पण चारचौघांत हा विषय काढून पाहा. निम्मे म्हणतील, "घर त्याचंच आहे, तो कशाला विचारेल?" उरलेल्यांतले बरेचसे म्हणतील, "बरोबर नाही, पण बोलायची सोय नाही. घर सोडायला लावेल." हे दोन्ही सूर मला खटकतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी एक जुनी विद्यार्थिनी वाकडला मैत्रिणीबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. दोघी हिंजवडीत नोकरी करतात. मालक त्याच सोसायटीत राहतात, साठी ओलांडलेले. मुली त्यांना काका म्हणतात. काकांकडे फ्लॅटची एक किल्ली आहे. मुली ऑफिसात असताना ते एकदा प्लंबरला घेऊन आले. नंतर एकदा गॅस बंद केलाय का ते बघायला आले. मग एका दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर सिंकमधल्या खरकट्या भांड्यांचा फोटो आला, खाली लिहिलेलं, "बेटा, घर असं ठेवतात का?" आणि एका रविवारी ही अंघोळ करून बाहेर येते तर काका हॉलमध्ये उभे! "बेल वाजवली, कुणी उघडलं नाही, म्हणून आलो."

त्या दिवसापासून ती घरात असली की दिवसाढवळ्याही आतून कडी लावून बसते, आणि बाहेर पडताना कपाटाला कुलूप घालते. भाडं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पोचतं. मला फोनवर म्हणाली, "काका वाईट नाहीत हो बाई. पण मला घरात असल्यासारखं वाटत नाही."

काका वाईट आहेत की चांगले, हा मुद्दाच नाही. घरात असल्यासारखं वाटणं, यासाठीच तर ती पैसे मोजते. चार भिंती, पंखे आणि गीझर हे त्याच्या जोडीला आलेलं सामान. ती एक गोष्ट काढून घेतली तर मागे उरते ती गोदामातली जागा.

आता कुणी म्हणेल, "आमच्या वेळी वाड्यात कुठे होता हा खाजगीपणा?" वाड्यातली बिऱ्हाडं मीही अनुभवली आहेत. दारं दिवसभर उघडी, नळ सामाईक, संडास सामाईक, आणि मालकीणबाई केव्हाही आत येऊन बसायच्या. पण एक गोष्ट आपण विसरतो. मीही त्यांच्या स्वयंपाकघरात तशीच जात असे. जाणं-येणं दोन्ही बाजूंनी होतं. काकांच्या घरात या मुली किल्लीने दार उघडून शिरल्या आणि त्यांच्या सिंकचा फोटो काढला, तर चालेल का? चालत नसेल तर तो आपलेपणा नव्हे, तो वचक झाला.

दुसरी गोष्ट कुलपाची. तेव्हा दाराला कडी-कोयंडा असे आणि भाडेकरू आपलं कुलूप आपण आणत असे. बाहेर पडताना ते लावायचं आणि किल्ली कमरेला. मालकाला आत जायचं तर विचारण्यावाचून गत्यंतर नसे. पुढे फ्लॅट आले, दारातच बसवलेलं लॅच आलं, त्याच्या दोन-तीन किल्ल्या आल्या. दोन भाडेकरूला दिल्या जातात आणि तिसरी मालकाकडे "असू दे, अडीनडीला" म्हणून राहते. दोन्ही बाजूंनी त्यावर अवाक्षर निघत नाही. कुलपाचा प्रकार बदलला आणि त्याबरोबर एक हक्क गुपचूप या हातातून त्या हातात गेला.

आणि ही नाती! काका, बेटा, "तुम्ही मला मुलीसारख्या". आपल्याकडे नात्याचा शब्द लावला की पुढचं बोलणं बंद होतं. मुलीने बापाला "विचारून या" कसं म्हणायचं? पण खरी मुलगी वडिलांना भाडं देत नाही, डिपॉझिट तर नाहीच नाही. पैसे घेताना मालक आणि दार उघडताना काका, हे जमायचं नाही. काका जरूर म्हणावं. पण त्या हाकेत किल्ली येत नाही.

मी मराठी शिकवलं, म्हणून व्याकरणाकडे वळते. "माझं घर आहे" असं मालक म्हणतो, आणि संध्याकाळी दमून परतणारी मुलगीही "माझं घर" म्हणते. दोघांचंही बरोबर आहे. षष्ठी नेहमी मालकीच दाखवते असं नाही. मी आयुष्यभर "माझी शाळा" म्हणत आले, तिथली एक वीटही माझ्या नावावर नाही. एक मालकीची षष्ठी आणि एक राहण्याची. भाडं ठरतं तेव्हा मालक पहिली स्वतःकडे ठेवतो आणि दुसरी, कराराच्या मुदतीपुरती, देऊन टाकतो. दिलेली वस्तू अधूनमधून परत घ्यायची नसते.

कायद्यालाही हा भेद चांगला कळतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २८ प्रमाणे मालकाला जागा पाहण्याचा हक्क आहे, पण आधी सूचना देऊन आणि योग्य वेळी. हे कलम भाडेकरूला लागू आहे तसंच लिव्ह अँड लायसन्सने राहणाऱ्यालाही. "हे भाडं नाही, लायसन्स आहे, ताबा माझाच" असं सांगणाऱ्यांनी ते वाचावं. केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा २०२१ सालचा. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो त्या राज्यात लागू होत नाही, पण रीत म्हणून उत्तम आहे: किमान चोवीस तास आधी लेखी किंवा मोबाईलवर सूचना, सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर प्रवेश नाही, अपवाद आग, पूर, भूकंप अशा संकटांचा. फौजदारी कायद्यातही, म्हणजे आधी भारतीय दंड संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत, अतिक्रमणाच्या व्याख्येत शब्द आहे तो दुसऱ्याच्या "ताब्यातली" मालमत्ता. मात्र तिथे धमकावण्याचा, अपमानाचा, त्रास देण्याचा किंवा गुन्ह्याचा हेतू दाखवावा लागतो. त्यामुळे पहिल्याच पावलाला पोलीस चौकी गाठावी असं मी म्हणणार नाही.

मालकांची बाजूही आहे, ती नाकारून चालणार नाही. जुन्या, १९४७ च्या भाडे कायद्याखाली वर्षानुवर्षं गोठलेली भाडी आणि न सुटणाऱ्या जागा ज्यांच्या घराने पाहिल्या, त्यांच्या मनात धास्ती मुरलेली असते. ओसरी दिली की पाहुणा हातपाय पसरतो, ही म्हण त्यांच्या तोंडी असते. कुणी निवृत्तीच्या पैशांतून फ्लॅट घेतलेला असतो. खालच्या मजल्यावर पाणी गळू लागलं की सोसायटी मालकालाच धरते. हे सगळं मान्य. पण या प्रत्येक काळजीवर "उद्या अकरा वाजता प्लंबर आणतोय, चालेल ना?" एवढा एक निरोप पुरतो. मालकीचा एक कणही त्याने कमी होत नाही.

घरात शिरणाऱ्याच्या नजरेला काय पडतं याचाही विचार व्हावा. आम्ही शिक्षक बोर्डाच्या उत्तरपत्रिका घरी तपासायला आणत असू. ते गठ्ठे दुसऱ्या कुणाला दिसू नयेत ही आमची जबाबदारी असे. आता घरून काम करणाऱ्यांच्या टेबलावर कंपनीचे कागद असतात, कपाटात औषधं, डॉक्टरांचे रिपोर्ट, पत्रं असतात. माणूस यातलं काय कुणाला दाखवायचं ते स्वतः ठरवतो. ते ठरवण्याची जागा म्हणजेच घर.

मग करायचं काय? त्या मुलीला सांगितलं तेच इथे लिहिते. आधी आपला करार काढून वाचायचा. पाहणीचं कलम बहुतेक करारांत असतं, आणि त्यात पूर्वसूचनेचा उल्लेख असतो. मग एक साधा, न चिडता लिहिलेला निरोप पाठवायचा: "काका, घरात यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा, आमच्यापैकी एकजण घरी थांबेल. आम्ही नसताना कृपया येऊ नका." तोंडी बोलू नका, लिहा. लिहिलेलं राहतं, आणि पुढे वेळ आलीच तर तेच कामाला येतं. तरी फरक पडला नाही तर तारखा-वेळा टिपून ठेवायच्या आणि वकिलाकडून नोटीस. लॅच बदलायचं तर मालकाला कळवून, आपल्या खर्चाने, जुनं लॅच जपून ठेवून. चिडून मालकाने पाणी किंवा वीज तोडली तर त्याच अधिनियमाचं कलम २९ आहे. आणि पुढचा करार करताना किल्ल्या किती, कुणाकडे, आणि त्या कधी वापरायच्या, हे एका ओळीत लिहून घ्यायचं. दलाल म्हणेल, "असं कुणी लिहीत नाही." आपण लिहायचं.

अकरा महिन्यांनी घर सोडावं लागेल ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. नवं घर शोधणं, दलाली, सामान हलवणं, सगळं खर्चाचं. म्हणूनच हे ओझं एकट्या भाडेकरूवर टाकू नये. आपल्यापैकी ज्यांचं एखादं घर भाड्याने दिलेलं आहे, त्यांनी आजच ती तिसरी किल्ली शोधावी, पाकिटात घालून पाकीट चिकटवावं आणि त्यावर भाडेकरूची सही घ्यावी. संकट आलं तर पाकीट फोडता येईल. एरवी दारावर बेल आहेच. ती वाजवावी, आणि दार उघडलं नाही तर परत फिरावं.