पडद्यावरचा मार कोणाला लागतो?

यंदाच्या अंकातला विशेष विभाग मुलांच्या डोळ्यांसमोरून रोज सरकणाऱ्या हिंसेवर आहे. ‘ऐन दिवाळीत हा विषय कशाला?’ असे काही स्नेह्यांनी विचारले. सहामाही परीक्षा संपते, शाळांना सुट्टी लागते आणि मोबाइल दिवसभर मुलांच्या हातात जातो, म्हणून आत्ताच.

घरोघरी हिशेब होतो तो तासांचा. मूल त्या तासांत काय पाहते, याचा नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जॉर्ज गर्बनर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस टीव्हीवरच्या कार्यक्रमांची वेगळी मोजदाद सुरू केली. मारले कोणी, मार खाल्ला कोणी, याची रीतसर नोंद वर्षानुवर्षे झाली. पुढे अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासाने १९९६मध्ये दाखवून दिले, की हिंसेच्या ७३ टक्के प्रसंगांत मारणाऱ्याला शिक्षाच होत नाही आणि निम्म्याहून अधिक वेळा मार खाणाऱ्याच्या वेदना दिसत नाहीत. कार्टूनमधले मांजर आठवा : डोक्यात तवा बसतो, तोंड चपटे होते आणि पुढच्याच क्षणी ते पुन्हा उंदरामागे धावते. रक्त किती सांडले यापेक्षा दुखले कोणाला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

गर्बनर यांचे आणखी एक निरीक्षण होते : फार टीव्ही पाहणाऱ्यांना जग आहे त्याहून धोक्याचे वाटू लागते. म्हणजे मूल मारकुटेच होईल असे नाही, ते धास्तावूनही जाईल. या धास्तीकडे आपले लक्षच नसते.

तेव्हा घरात टीव्ही एक होता, सगळ्यांना दिसणारा. आता प्रत्येक मुलाचा पडदा वेगळा. २०२३च्या कायद्याने चित्रपटांना ७, १३ आणि १६ वर्षांचे वयोगट लावले. बोटाखाली सरकणाऱ्या रीलला मात्र सेन्सॉरचा दाखला नाही. कोणत्या वयाच्या मुलांपुढे काय आले याची नोंद कंपन्यांकडे असते. नावे वगळून ती अभ्यासकांना खुली करायला सरकारने भाग पाडले पाहिजे, ही आमची स्पष्ट मागणी आहे.

तोवर वाचकहो, या सुट्टीत अर्धा तास मुलाशेजारी बसा. मोबाइल हिसकावू नका, रागावू नका. ते पाहते तेच पाहा आणि एखाद्या हाणामारीनंतर एवढेच विचारा : ‘त्याला किती लागलं असेल रे?’ उत्तर काय आले, ते आम्हाला जरूर कळवा.