छपाईआधीची शेवटची नजर

‘दऱ्या खवळला’ असा मथळा छापून आला, तर मालवणातल्या वाचकाला चूक पहिल्याच क्षणी दिसते. खवळतो तो दर्या. दऱ्या असतात सह्याद्रीत. रफाराच्या जागी ‘ऱ्य’ उमटला की समुद्राचा डोंगर होतो. संगणकाची तपासणी इथे बहुधा मुकी राहते, कारण दोन्ही शब्द मराठीच आहेत. मालवण ज्या जिल्ह्यात येते, त्याच्या नावाचीही तीच कथा. सुटा ‘सिंधू’ दीर्घ, पण समासात ‘सिंधुदुर्ग’ ऱ्हस्व, जसे रवी आणि रविवार. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ पासून आहेत, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. तरीही ‘सिंधूदुर्ग’ लिहिलेले फलक ठिकठिकाणी दिसतात.

आता पोंभुर्ल्याकडे वळू. देवगड तालुक्यातले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, म्हणून त्या तारखेला राज्यात पत्रकारदिन साजरा होतो. हारतुऱ्यांच्या गर्दीत त्यांचे दुसरे मोठे काम मात्र मागे पडते. १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी पहिल्यांदा छापली गेली ती त्यांच्या हातून, शिळाछापावर. खिळ्यांच्या छपाईत चुकीचे अक्षर चिमट्याने उचलून दुसरे बसवता येते. हाताने लिहिलेला मजकूर एकदा दगडावर उतरला की दुरुस्ती इतकी सोपी राहत नाही. जे तपासायचे ते आधीच तपासावे लागते.

त्याच ग्रंथाची पाठशुद्धी एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास केली होती. ग्रंथ मुळात शुद्धच, पाठांतराने त्यात अशुद्धे शिरली, असे त्यांनी नोंदवून ठेवले. वर बजावले, की यापुढे कोणी आपल्या पदरची ओवी यात घातली, तर ती अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखी होईल. मुद्रितशोधकाच्या कामाचा याहून नेमका नियम मराठीत सापडणे कठीण. शिरलेली चूक काढायची, आपले काही घालायचे नाही.

या नियमाचा दुसरा भाग मालवणी बोलीच्या बाबतीत रोज मोडला जातो. कथेतला मालवणी माणूस ‘मी गेलंय’ म्हणतो, तेव्हा तो पुरुष असूनही क्रियापद ‘गेलंय’ असेच असते. प्रमाण मराठीच्या सवयीचा तपासनीस त्याचे ‘गेलोय’ करतो, ‘माका’चे ‘मला’ करतो आणि आपण शुद्धलेखन केले असे समजतो. प्रत्यक्षात त्याने पात्राच्या तोंडची भाषाच पुसलेली असते. मालवणी संवादांचे प्रूफ मालवणी येणाऱ्यानेच वाचावे, यात तडजोड नको.

आणि आकडे. स्थानिक पत्रांत जमिनींच्या जाहीर नोटिसा येतात: सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, हरकतीची मुदत. कोकणात एकेका सर्व्हे नंबरात हिश्शांची इतकी गर्दी, की एक आकडा चुकला तर नोटीस शेजाऱ्याच्या बागेची होते. ज्याने हरकत घ्यायची तो नोटीस वाचून निर्धास्तपणे पान उलटतो.

जुन्या छापखान्यांत एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, दुसरा प्रुफावर नजर ठेवायचा. आकडा कानावर पडला की डोळे फसत नसत. आता बातमी टाइप करणाराच तिची मांडणी करतो आणि पान थेट मोबाइलवरून छापखान्यात जाते. मधला माणूस खर्चात कपात म्हणून गेला. साप्ताहिकांना पूर्णवेळ मुद्रितशोधक परवडत नसेल, हे मान्य. पण निदान नोटिसा, नावे आणि तारखा मूळ कागद हातात धरून दोघांनी वाचाव्यात, निवृत्त शिक्षकांना हे काम रीतसर मोबदला देऊन द्यावे आणि संपादक-मुद्रकाच्या ओळीत त्यांचेही नाव छापावे. येत्या पत्रकारदिनाच्या अंकापासून हे सुरू करता येईल.