मुलं कुणापाशी ठेवणार?



१९७२ साली अमेरिकेत दोन तरुण उमेदवार पहिल्यांदाच काँग्रेसवर निवडून आले. डेलावेअरमधून सिनेटवर जो बायडन: वय २९, तीन लहान मुलांचे वडील. कोलोरॅडोतून प्रतिनिधिगृहावर पॅट श्रोडर: वय ३२, दोन लहान मुलांची आई. बायडन यांच्या प्रचारात त्यांचं तरुण कुटुंब ही जमेची बाजू होती. श्रोडरबाईंना मात्र, मुलं सांभाळून हे कसं जमवणार, याचा खुलासा कित्येक वर्षं करत बसावं लागलं.

नॅन्सी पेलोसींच्या बाबतीत काय झालं पाहा. वडील बाल्टिमोरचे महापौर, म्हणजे राजकारणाचं बाळकडू घरातच मिळालेलं. तरी पाच मुलं वाढवेपर्यंत पक्षासाठी निधी जमवणं, घरी बैठका भरवणं एवढंच चालू होतं. धाकटी हायस्कूलच्या शेवटाला आली तेव्हा, १९८७ मध्ये, ४७ व्या वर्षी त्या प्रथम निवडून आल्या. जिथे ज्येष्ठतेनुसार समित्या मिळतात, तिथे इतक्या उशिरा रांगेत उभं राहणं महागात पडतं. २००७ मध्ये त्या पहिल्या महिला सभापती झाल्या हे खरं. पण तेवढी चिकाटी, आणि सांगायलाच हवं, तेवढा पैसा किती जणींपाशी असतो?

घर ही नुसती अडचण असते असंही नाही, पुष्कळदा राजकारणात शिरायचं दारही तेच असतं. नागपूरच्या स्वाती दांडेकर आयोवात आधी स्कूल बोर्डावर गेल्या आणि २००२ मध्ये राज्याच्या विधिमंडळावर. वॉशिंग्टन राज्यातल्या पॅटी मरे मुलांच्या बालवाडीचा निधी वाचवायला बाहेर पडल्या आणि १९९२ मध्ये सिनेटवर पोचल्या. मला मात्र हे दार जरा अरुंद वाटतं. आई म्हणून आलीस ना, मग शाळा आणि पोषण बघ. अर्थखातं आम्ही पाहू!

महाराष्ट्राने तर याला कायद्याची जोड दिली आहे. २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या, पण सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्यांना निवडणूक लढवायला बंदी आहे. नियम पुरुषांनाही आहे, मान्य. पण किती घरांत तिसऱ्या मुलाचा निर्णय बाई घेते? मुलासाठी सासर हटून बसणार आणि अपात्र ती ठरणार!

आता आपल्याकडे. स्कूल बोर्डाची बैठक संध्याकाळी सातला, नेमकी पोळ्यांची आणि गृहपाठाची वेळ. आजी-आजोबा येतात, पण व्हिजिटर व्हिसावर, बहुधा सहा महिन्यांपुरते. प्रचार त्याहून लांबतो. मे २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या उमेदवार लिउबा ग्रेचेन शर्ली यांना फेडरल निवडणूक आयोगाने मुलं सांभाळण्याचा खर्च प्रचारनिधीतून करायला परवानगी दिली. त्या निवडणूक हरल्या, पण तो निर्णय पुढच्या उमेदवारांच्या कामी आला. स्कूल बोर्डाला मात्र हे फेडरल नियम लागू नाहीत, आणि तिथे निधी तरी कुठला असतो!

म्हणून माझी सूचना साधी आहे. तुमच्या गावात कुणी मैत्रीण उभी राहते म्हणाली, तर निवडणूक होईपर्यंत आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तिची मुलं तुमच्या घरी जेवायला घेऊन या. आणि हे पुरुष सभासदांनी अंगावर घ्यावं. माझ्या भागातल्या मंगळवारच्या पोळ्या आमच्या घरून येतील, आणि त्या मी लाटणार नाही.

आपली,
संपादक